गंजलेली मस्टँग आणि कुजलेली मस्टँग

अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटी उन्हात तीस-चाळीस वर्षं उघड्यावर पडलेली १९६५ची फोर्ड मस्टँग पाहिली की तोंडातून पहिला शब्द निघतो, "संपली." छपरावरचा आणि बॉनेटवरचा रंग उडालेला, पत्रा विटकरी झालेला, सीटच्या चिंध्या. तिच्याच वयाची, अमेरिकेच्याच उत्तरेकडच्या थंड मिशिगनमधली मस्टँग मात्र लालचुटूक चकाकते, दाराखाली बोटाएवढे दोन-तीन फुगे आलेत एवढंच. नवशिका दुसरीचे पैसे मोजतो. मी पहिलीचे मोजेन.

दोन्हींना आपण ‘गंज’च म्हणतो, घोटाळा तिथे होतो. वाळवंटातल्या गाडीचा गंज पत्र्याच्या वरच्या थरावर असतो. तारेच्या ब्रशने घासला की खाली पांढरा, खणखणीत पत्रा निघतो. मिशिगनच्या गाडीचा गंज आतून आलेला असतो. तिथे हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकतात (गंमत म्हणजे मोटारींची राजधानी डेट्रॉइट हे शहर मिठाच्या खाणीवरच वसलंय). ते खारं पाणी पत्र्याच्या दुमडींत आणि बंद पोकळ्यांत शिरतं आणि तिथेच मुरतं. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा घेतो, म्हणून रंग फुगतो. म्हणजे फुगा दिसेपर्यंत मागचा पत्रा बहुतेक गेलेला असतो. वाळवी लागलेल्या चौकटीचंही असंच, वरचा रंग जागच्या जागी आणि आत भुसा.

ओळखायला भारी यंत्र लागत नाही. जाड स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने खालच्या कडा ठोकत जायचं. चांगला पत्रा ठणकतो, कुजलेला बद्द वाजतो आणि टोक रोवलं तर आत जातं. लोहचुंबक फिरवायचं. तो चिकटत नसेल तिथे पत्र्याऐवजी पुट्टी आहे. चकचकीत गाडीवर हे आधी करावं, कारण वरून कीर्तन, आतून तमाशा हा प्रकार जुन्या गाड्यांच्या बाजारात फार.

पण कुजलंय एवढ्यावर निकाल लागत नाही. कुठे कुजलंय ते महत्त्वाचं. १९५७च्या शेवरले बेल एअरला खाली स्वतंत्र चासी (गाडीचा भार पेलणारी पोलादी चौकट) असते आणि बॉडी तिच्यावर बोल्टने बसवलेली. तळाला भोकं पडली तरी चासी धड असेल तर गाडीचा कणा शाबूत असतो. मस्टँगला वेगळी चासीच नाही. तळ, दाराखालची पेटी, पुढच्या लांब पट्ट्या हे सगळं एकमेकांना वेल्ड करून त्याचाच सांगाडा केलेला. म्हणून तसंच भोक बेल एअरमध्ये बऱ्याचदा डेंटिंगचं काम असतं, मस्टँगमध्ये ते हाड मोडल्यासारखं असू शकतं.

मस्टँगची सगळ्यात फसवी जागा समोरच्या काचेखाली आहे. तिथल्या जाळीतून पानं आणि पाणी आत पडतं, पानं साचून ओल धरतात आणि आतली पेटी सडते. बाहेरून काही दिसत नाही. जाळीवर बादलीभर पाणी ओतायचं आणि आत बसून डॅशबोर्डखाली बघायचं. पायांशी पाणी ठिबकलं तर दुरुस्तीसाठी काचेखालचा अख्खा पत्रा सोडवावा लागणार, आणि हे काम वेळखाऊ आहे.

दार लोंबतंय म्हणूनही घाबरू नये. दार उघडून टोकाला धरून वर उचला. खळखळ हललं तर बिजागरी झिजलीय, खर्च किरकोळ. बिजागरी घट्ट असेल आणि दाराखालच्या पेटीला जॅक लावल्यावर दाराची फट बदलत असेल, तर सांगाडाच वाकतोय. उघड्या छपराच्या मस्टँगला सावरायला वर छपरच नाही, म्हणून तिथे हे दुप्पट जपून बघावं. आणि असा तळ कापायचा झालाच, तर आधी दारांच्या चौकटींत आडव्या-तिरप्या नळ्या वेल्ड करून घ्याव्यात. नाहीतर बॉडी पिळवटते आणि मग कुठलंच दार नीट बसत नाही.

पैशाचा भाग थोडक्यात. मार्च १९६६पर्यंत दहा लाख मस्टँग बनल्या होत्या. त्यामुळे गाडी दुर्मिळ नाही आणि पत्र्याचे सुटे भाग आजही नवे मिळतात. खर्च होतो तो मजुरीवर. सहा सिलिंडरच्या साध्या मस्टँगचा सांगाडा कुजला असेल, तर ती चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. अपवाद नंबरात सापडतो, म्हणजे नंबरप्लेटवरच्या नव्हे, कारखान्यात पत्र्यावर ठोकलेल्या नंबरात. १९६५च्या गाडीच्या नंबरात पाचव्या जागी ‘के’ असेल, तर ते २७१ अश्वशक्तीचं खास इंजिन घेऊन निघालेलं मॉडेल. त्यासाठी सांगाड्यावर खर्च करणारे लोक आहेत. हा नंबर बॉनेटखाली, चाकावरच्या आतल्या पत्र्यावर ठोकलेला असतो. तो पत्राही सडलेला असला, तरी नंबराचा तुकडा कापून दुसऱ्या बॉडीवर जोडून देणाऱ्याच्या नादी लागू नका. तो अमेरिकेत गुन्हा ठरतो आणि गाडी जप्त होऊ शकते.