घरच्या धंद्यात लेकराला कामाला लावले तर कायदा आड येत नाही?

आईवडिलांबरोबर घरच्या धंद्यात बसणाऱ्या मुलाला बालमजुरीचा कायदा लागूच होत नाही, हा समज आपल्याकडे वर्षानुवर्षे पक्का आहे. तो अगदीच हवेतून आलेला नाही, कारण १९८६च्या मूळ कायद्यात कुटुंबाच्या मदतीने चालणाऱ्या कामाला सरसकट सूट होती. २०१६च्या दुरुस्तीने मात्र ही सूट फारच अरुंद केली, आणि ते योग्यच झाले.

आता चौदा वर्षांखालील मूल शाळा सुटल्यावर किंवा सुटीत घरच्या धंद्याला हातभार लावू शकते, पण २०१७च्या नियमांनुसार विश्रांतीचा वेळ सोडून दिवसाला ३ तासांहून जास्त नाही, संध्याकाळी ७ ते सकाळी ८ या वेळेत मुळीच नाही आणि मोठ्या माणसाच्या बदली तर नाहीच. शिवाय काही कामांत अशी मदतही निषिद्ध आहे. सोलापुरातल्या कित्येक घरांत चालणारे विडीकाम त्यांपैकीच आहे. आई पान कापून देते, लेक त्यात तंबाखू भरून विडी वळते आणि दोरा बांधते. हे घरकामच वाटते, पण तंबाखूची धूळ लेकीच्याही नाकातोंडात जाते.

आईवडील लगेच तुरुंगात जातात, ही भीतीही खरी नाही. पहिल्या वेळी त्यांना शिक्षा नाही; पुन्हा तेच घडले तर १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.