आजीला तिच्याच भाषेत विचारा

खानापूर तालुक्यातली एक आजी नातवाच्या मोटरसायकलवर मागे एका अंगाला बसली होती. ट्रॉलीतून रस्त्यावर सांडलेल्या उसावरून गाडी घसरली आणि आजी डोक्यावर आपटली. बेळगावच्या इस्पितळात सिस्टरनी कन्नडात विचारलं, "अज्जी, निम्म हेसरु एनु?" आजी नुसती बघत राहिली. सिस्टरनी हात वर करून दाखवला, तसा तिनेही केला. पुन्हा नाव विचारलं, पुन्हा गप्प. तेवढ्यात नातू आत आला.

"आजी, आज वार कंचा?"

"बेस्तरवार. रेशनला जायचं हुतं न्हवं?"

डोक्याला मार लागलेल्या माणसाची शुद्ध मोजायची पट्टी ग्लासगोच्या ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट या डॉक्टरांनी 1974 साली मांडली. डोळे उघडण्याला 4 गुण, बोलण्याला 5, हालचालीला 6. एकूण 15, आणि सगळं बंद असलं तरी 3. तेरापासून पुढे सौम्य इजा, 9 ते 12 मध्यम, 8 किंवा कमी म्हणजे गंभीर. आजीचे डोळे उघडे होते, हातही उचलला, पण तोंडातून शब्द नाही म्हटल्यावर बेरीज 11. मराठीत विचारताच 15. मेंदू तोच, फक्त भाषा बदलली. सीमाभागात हे कुणाहीबाबत घडू शकतं, त्यात सिस्टरचा दोष नाही. म्हणून पेशंटची बोली जाणणारं एक माणूस त्याच्याजवळ हवंच, असं मला कळकळीने वाटतं.

एका आकड्यापेक्षा तो घसरतोय का, हे जास्त महत्त्वाचं. कानाच्या वरचं हाड पातळ असतं आणि त्याच्या आतून एक धमनी जाते. हाड तडकून ती फाटली, तर माणूस आधी शुद्धीवर येतो, घरच्यांशी बोलतो आणि काही तासांत पुन्हा बेशुद्ध पडतो. मधल्या वेळात 'बरा हाय, झोपू दे' म्हणत त्याला घरी नेणं जिवावर बेतू शकतं. उलट्या, वाढती डोकेदुखी, डोळ्याची एक बाहुली मोठी दिसणं, फिट येणं, नाका-कानातून पाण्यासारखं काही गळणं, यातलं काहीही दिसलं की तडक इस्पितळ गाठा. वाटेत कांदा हुंगवत बसू नका, गुंगीतल्या माणसाला पाणीही पाजू नका.

सीटी स्कॅन काही मिनिटांत होतो आणि ताजं रक्त त्यात पांढरं दिसतं. कवटी बंद डब्यासारखी असते. आत रक्त साचलं किंवा सूज आली की मेंदू दाबला जातो. मग डोक्याकडची बाजू तीस अंश उचलतात, मेंदूवरचा दाब उतरवणारं मॅनिटॉल हे औषध देतात, ऑक्सिजन आणि रक्तदाब पडू देत नाहीत. फार दाब असेल तर कवटीचा तुकडा काढून ठेवतात. कधी तो पेशंटच्याच पोटाच्या कातडीखाली जपतात आणि सूज उतरल्यावर परत बसवतात. सूज उतरवायला पूर्वी स्टेरॉइड सर्रास देत. 2004 साली दहा हजारांवर रुग्णांच्या चाचणीत त्याने मृत्यू वाढतात असं दिसलं, आणि ती पद्धत मागे पडली.

आजीचा स्कॅन स्वच्छ आला. तीन आठवड्यांनी मात्र तिची डावी चप्पल चालताना पायातून निसटायला लागली, नातवाला ती त्याच्या बापाच्या नावाने हाक मारू लागली. शेजारी म्हणाले, वय झालं. पण म्हातारपणी मेंदू थोडा आक्रसतो, त्याच्या बाहेरच्या बारीक शिरा ताणलेल्या असतात, आणि त्यांतून झिरपणारं रक्त आठवड्यांनी त्रास देतं. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर धोका आणखी वाढतो. आजीची तशी गोळी चालू होती. सुनेने तिची चिठ्ठी दाखवली, दुसरा स्कॅन झाला. कवटीला दोन भोकं पाडून जळक्या ऑइलसारखं काळपट रक्त बाहेर काढलं. चौथ्या दिवशी आजीने नातवाला त्याच्याच नावाने हाक मारून चप्पल मागितली.