इथेनॉल-मिश्रित इंधन व विद्युत वाहने : कायदे व सवलती (सांगली–सातारा)

पेट्रोलला पर्याय ठरणारी इंधने व विद्युत वाहने यांसंबंधीचे राज्याचे कायदे आणि सवलती. सांगली व सातारा हे ऊसपट्ट्यातील जिल्हे असल्याने येथे या विषयाचा मोठा भाग इथेनॉलने व्यापला आहे.

पेट्रोलमध्ये इथेनॉल, म्हणजे अल्कोहोल, मिसळण्याचा आरंभ केव्हा मानावा, याविषयी एकमत नाही. काही अभ्यासक तो १९४८ च्या भारतीय पॉवर अल्कोहोल अधिनियमापर्यंत मागे नेतात. पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळणे सक्तीचे करण्याची तरतूद त्यात होती. हा अधिनियम २००० मध्ये रद्द झाला. इतर अभ्यासक जानेवारी २००३ ही तारीख धरतात. तेव्हा नऊ राज्यांत व चार केंद्रशासित प्रदेशांत ५ टक्के मिश्रण सुरू झाले. मात्र त्याआधी २००१ मध्ये मिरज व मनमाड येथे आणि उत्तर प्रदेशात बरेलीजवळ प्रायोगिक मिश्रण झाले होते. आजच्या कार्यक्रमाशी सलग नाते या प्रयोगांचेच दिसते. त्यामुळे निदान या भागापुरता आरंभाचा मान मिरजेकडे जाणे अधिक सयुक्तिक वाटते.

मळीपासून मिळणाऱ्या रेक्टिफाइड स्पिरिटमध्ये सुमारे ५ टक्के पाणी राहते. ते तसेच पेट्रोलमध्ये मिसळल्यास पाणी व अल्कोहोल खाली बसून थर वेगळे होतात. म्हणून इंधनासाठी ९९.५ टक्क्यांहून अधिक शुद्ध, निर्जल इथेनॉल लागते व आसवनीला (डिस्टिलरीला) निर्जलीकरणाचा स्वतंत्र विभाग जोडावा लागतो.

कायद्याची गुंतागुंत येथूनच सुरू होते. आसवनीतून निघणारा द्रव पिण्याच्या मद्याचाही पाया असल्याने तो महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ खाली राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या देखरेखीत येतो. औद्योगिक अल्कोहोलवर राज्यांचा अधिकार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने १९८९ मध्ये ठरविले होते. पुढे २०१६ च्या केंद्रीय दुरुस्तीने पिण्याचे मद्य राज्यांकडे व विकृत (पिण्यास अयोग्य केलेले) इथेनॉल केंद्राकडे, अशी विभागणी स्पष्ट केली. परंतु २३ ऑक्टोबर २०२४ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने १९८९ चा निर्णय फिरविला. औद्योगिक अल्कोहोलही राज्यघटनेच्या राज्यसूचीतील ‘मादक द्रव’ या नोंदीत येते व राज्यांना त्याविषयी कायदा करता येतो, असा हा निर्णय आहे. कारखान्यांच्या दृष्टीने याचे महत्त्व १९८९ च्या निकालाइतकेच मोठे आहे.

इथेनॉलचा खरेदीदर व कच्च्या मालाची परवानगी मात्र केंद्राच्या हाती आहे. डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर आलेले निर्बंध ऑगस्ट २०२४ मध्ये उठविण्यात आले. मधल्या हंगामात साखराळे, रेठरे बुद्रुक यांसारख्या साखर कारखान्यांच्या गावांत गाळपाइतकीच या आदेशांचीही चर्चा होत असे, आणि ते स्वाभाविक होते.

विद्युत वाहनांसाठी राज्याची धोरणे २०१८, २०२१ व २०२५ मध्ये आली. २०२१ च्या धोरणात दुचाकीला बॅटरीच्या प्रत्येक किलोवॉट-तासामागे ५,००० रुपये, कमाल १०,००० रुपये प्रोत्साहन व मोटार वाहन करातून सूट होती. ३० लाख रुपयांवरील विद्युत मोटारींवर ६ टक्के कर लावण्याचा २०२५ चा प्रस्ताव मागे घेण्यात आला. बॅटरी, इथेनॉल वा मिथेनॉलवर चालणाऱ्या व्यावसायिक वाहनांना परवान्यातून सूट २०१८ पासून आहे. ती केंद्राची आहे.

२०२५ च्या धोरणात संपूर्ण पथकरमाफीसाठी मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग व अटल सेतू यांची नावे आहेत. यांपैकी एकही या जिल्ह्यांतून जात नाही. येथील मुख्य रस्ता पुणे–बंगळूर राष्ट्रीय महामार्ग असून त्यावरील आनेवाडी व तासवडे पथकर नाके राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाच्या अखत्यारीत आहेत.