युद्धातही व्यापाऱ्यांची पत्रं जात होती

'पूर्वी युद्ध पेटलं की समुद्रापलीकडची पत्रं बंदच पडायची,' असं वर्षानुवर्षं फॉरवर्ड होतं. तसं नव्हतं. १७७५ ते १७८३ च्या अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात जहाजं पकडली जायची, हे खरं. म्हणूनच तर व्यापारी एकाच पत्राच्या दोन-तीन नकला वेगवेगळ्या जहाजांनी धाडत आणि एक आपल्या वहीत उतरवून ठेवत. साखरेचे भाव, थकलेली हुंडी, खाली घरची खुशाली, सगळं अनेकदा एकाच कागदावर! पकडलेल्या जहाजांवरची पत्रंसुद्धा न्यायालयात पुरावा म्हणून जपली गेली. लंडनमधल्या क्यू इथल्या अभिलेखागारात ती आजही आहेत. पडताळायचं तर अशा पत्राच्या पहिल्या ओळी वाचा. मागचं पत्र कोणत्या तारखेला, कोणत्या जहाजानं पाठवलं, हे बहुधा तिथंच सापडतं.