विंडोज ८ ला टचस्क्रीन लागतच नव्हती

‘विंडोज ८ टचस्क्रीनशिवाय वापरताच येत नाही’ हा समज २०१२ पासून फिरतोय. तो चुकीचा आहे. माऊस-कीबोर्डवर नेहमीची सगळी कामं होत होती. स्टार्ट स्क्रीनवर, म्हणजे संगणक सुरू केल्यावर दिसणाऱ्या चौकटींच्या पडद्यावर, नुसतं टाइप करायला लागलं तरी शोध सुरू व्हायचा. त्रास होता, पण वेगळाच: स्टार्ट बटण काढून टाकलेलं आणि महत्त्वाच्या गोष्टी कोपऱ्यांत दडवलेल्या. संगणक बंद करायचा तर माऊस उजव्या कोपऱ्यात न्या, पट्टी बाहेर आली की सेटिंग्ज, मग पॉवर, मग शट डाउन. पडद्यावर याची खूणही दिसत नसे, आणि माझ्या मते हा वापरणाऱ्यांवर अन्यायच होता. २०१३ च्या ८.१ मध्ये बटण परत आलं. ते दाबल्यावर पूर्वी उघडणाऱ्या यादीला, म्हणजे स्टार्ट मेनूला मात्र २०१५ चं विंडोज १० उजाडावं लागलं.