व्यायाम, आतडी आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग (ग्रामीण विदर्भ)

शारीरिक श्रमांचा मोठ्या आतड्याच्या कामावर आणि तिथे कर्करोग होण्याच्या शक्यतेवर होणारा परिणाम हा या नोंदीचा विषय. मोठे आतडे साधारण दीड मीटर लांब असते. आतल्या अस्तरावर उगवलेल्या गाठीचे (पॉलिपचे) कर्करोगात रूपांतर व्हायला बहुधा दहाएक वर्षे लागतात. भरपूर हालचाल करणाऱ्यांत हा कर्करोग, अगदी बैठे जगणाऱ्यांच्या तुलनेत, सुमारे एक पंचमांशाने कमी आढळतो. अगदी शेवटच्या भागाच्या, म्हणजे मलाशयाच्या कर्करोगाबाबत पुरावा इतका भक्कम नाही.

विदर्भातल्या खेड्यात हा विषय काढला की एक वाक्य हमखास ऐकू येते: ‘आम्ही दिवसभर वावरात राबतो, आम्हाले कायचा व्यायाम?’ हे वाक्य अर्धे खरे आहे. आतड्याच्या हिशेबात शेतातले श्रम व्यायामच ठरतात. अंगमेहनतीची कामे करणाऱ्यांनाही आतड्याच्या कर्करोगापासून काहीसे संरक्षण मिळते, असे अभ्यासांत दिसले आहे. उरलेल्या अर्ध्या वाक्याची अडचण अशी की वावर बारा महिने चालत नाही.

श्रमांचा हिशेब

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस श्रम करावेत, शिवाय दोन दिवस स्नायूंना ताण देणारे काम करावे. मध्यम म्हणजे चालता चालता बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही, इतपत दम लागणे. भुसभुशीत जमिनीत बैलांमागे डवरा (पिकाच्या ओळींतले तण काढायचे औत) धरून चालणे या मापात आरामात बसते. चिखलातली धानाची रोवणी आणि पऱ्हाटी (कापसाची झाडे) उपटणे हीही कामे त्यात येतात. निंदणाचे (खुरपणीचे) तसे नाही. उकिडवे बसून सरकताना मांड्या आणि कंबर भरून येतात, पण छातीचे ठोके फारसे वाढत नाहीत. कापूस वेचणीही संथ काम. थकवा येतो तो तासांमुळे आणि उन्हामुळे. ट्रॅक्टरवर बसणे हे बसणेच.

वऱ्हाडातल्या कोरडवाहू गावात सोयाबीनची सोंगणी ऑक्टोबरात आटोपते, कापसाचा शेवटचा वेचा जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत निघतो. त्यानंतर मृगापर्यंत ज्याच्या विहिरीला पाणी नाही त्याला वावरात फारसे काम नसते. पूर्वेकडे, भंडारा-गोंदिया-गडचिरोलीत, धान निघाल्यावर मोहफुले आणि तेंदूपत्ता गोळा करणाऱ्या बाया मात्र ऐन उन्हाळ्यातही मैलोन्‌मैल चालतात. तणनाशकाने निंदण कमी केले, हार्वेस्टरने कापणी नेली आणि धुऱ्यापर्यंत (शेताच्या बांधापर्यंत) मोटरसायकल जाऊ लागली. आजोबांच्या श्रमांचा आकडा नातवाला लावण्यात म्हणूनच अर्थ नाही.

या खंडाची किंमत आतड्यातले जिवाणू दाखवतात. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बैठे जीवन जगणाऱ्या ३२ जणांनी सहा आठवडे, आठवड्यातून तीन दिवस, ३० ते ६० मिनिटे व्यायाम केला. त्यांच्या आतड्यात ब्युटिरेट (आतड्याच्या अस्तराला पोसणारे आम्ल) तयार करणारे जिवाणू वाढले; सडपातळ लोकांत अधिक, लठ्ठांत कमी. पुढचे सहा आठवडे व्यायाम बंद ठेवला तेव्हा ही वाढ बहुतांशी ओसरली. आपल्याकडे हा खंड सहा आठवड्यांचा नाही, तीन-चार महिन्यांचा असतो.

रिकाम्या महिन्यांत ऊन चढण्याआधी, पहाटे पाच ते सातच्या दरम्यान, आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चालले तरी १५० मिनिटे भरतात. त्या अर्ध्या तासात अडीच-तीन किलोमीटर अंतर कापले पाहिजे. पारावरच्या गप्पांसाठी थांबत थांबत केलेली फेरी यात धरू नये. स्नायूंसाठी जोर-बैठका पुरतात. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून चालू आहे, तेव्हा या भागाला तालमीची ओळख नव्याने करून द्यायला नको.

आत काय घडते

चालण्याने आतड्याची हालचाल वाढते आणि मळ लवकर पुढे सरकतो. त्यातल्या त्रासदायक द्रव्यांचा अस्तराशी संपर्क कमी वेळ राहतो. हे स्पष्टीकरण सोपे म्हणून लोकप्रिय आहे, पण एकट्याने सगळे समजावत नाही: बद्धकोष्ठामुळे कर्करोग होतो असे सिद्ध झालेले नाही. जास्त महत्त्व रक्तातल्या इन्शुलिनला द्यावे लागते. पोटाच्या आत चरबी साठली की इन्शुलिन चढे राहते आणि ते पेशींना वाढीचा इशारा देते. श्रम करणारे स्नायू साखर ओढून घेतात, इन्शुलिन उतरते, सततची बारीक सूजही कमी होते. हातपाय काटकुळे आणि पोट मात्र पुढे, अशा माणसालाही हे लागू आहे.

ब्युटिरेट हे अस्तराच्या पेशींचे मुख्य इंधन. जिवाणू ते तंतुमय अन्नापासून बनवतात, त्यामुळे ताटात तंतू नसतील तर नुसत्या चालण्याने काम अर्धवट राहते. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू असतात, तेवढ्याच पॉलिश तांदळात तीनच्या आत. रेशनच्या तांदळाने भाकरी मागे सारली, तिथे निदान एका वेळेला भाकरी, तुरीचे वरण आणि जवसाची चटणी परत आणावी. तंतू हळूहळू वाढवावेत, पाण्यासकट; एकदम वाढवले की पोट फुगते आणि माणूस चौथ्या दिवशी सोडून देतो.

‘खर्रा खाल्ल्याशिवाय प्रेशर येत नाही’ हीही इकडची तक्रार; खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेले मिश्रण. निकोटिन आतड्याला चाळवते हे खरे. पण उठल्यावर कोमट पाणी, थोडे चालणे आणि रोज ठरावीक वेळी संडासला बसणे यानेही बहुतेकांची सवय तीन-चार आठवड्यांत लागते. खर्ऱ्याचा मुख्य मार तोंडावर बसतो. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाशी पक्का संबंध विडी-सिगारेटचा आणि दारूचा आहे.

काय बिघडते

पोलीस भरतीची तयारी करणारी मुले १६०० मीटर पळताना पोटात मुरड येते, लगेच पातळ होते, असे सांगतात. जोरात पळताना रक्त स्नायूंकडे आणि, उन्हात, कातडीकडे वळते. आतड्याचा पुरवठा खूप घटतो आणि अस्तर झिरपू लागते. पळण्याच्या आधी अर्धा लिटर दूध आणि चार केळी हे त्याचे नेहमीचे कारण. जड खाणे दोन-तीन तास आधी संपवावे; पहाटे पळायचे असेल तर तासभर आधी एक केळे पुरे. गुडघा दुखतो म्हणून डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन घेऊन पळणे आतड्याला आणखी वाईट.

मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा कामावर दर १५–२० मिनिटांनी पेलाभर पाणी लागते. ओआरएसची मोठी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यातच घालावी. एका पेल्यात अंदाजाने निम्मी पुडी टाकल्याने द्रावण घट्ट होऊन जुलाब वाढू शकतात. वेचणीच्या बाया उलट पाणी पिणेच टाळतात, कारण वावरात आडोसा नसतो. दिवसभर पाणी नाही, आलेली कळ दाबून धरलेली, आणि संध्याकाळी खडा झालेला मळ. इथे श्रम कमी पडत नाहीत, संडास कमी पडतो.

व्यायामावर न सोडण्याची लक्षणे

मळातून रक्त पडले की गावात ते मूळव्याधच ठरते आणि पाटी लावून बसलेल्या वैदूकडे महिने जातात. चाळिशीनंतरचे रक्त, सहा आठवड्यांहून अधिक काळ बदललेली संडासची सवय, पोट साफ न झाल्याची सततची भावना, कारण नसताना उतरलेले वजन यांसाठी डॉक्टरकडून किमान बोटाने गुदतपासणी करून घ्यावी. आतड्याच्या उजव्या बाजूची गाठ बहुधा डोळ्यांना रक्त दाखवत नाही. फक्त हिमोग्लोबिन उतरते. सिकलसेल (तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार) विदर्भात बऱ्यापैकी आढळतो, म्हणून अशक्तपणावर पटकन तोच शिक्का बसतो. पुरुषात किंवा पाळी गेलेल्या बाईत लोह कमी असेल तर आतडे तपासले पाहिजे. आईवडील किंवा भावंडांना हा कर्करोग झाला असेल तर चाळिसाव्या वर्षी, किंवा त्यांच्या निदानाच्या वयाच्या दहा वर्षे आधी, यांतले जे अगोदर येईल तेव्हा कोलोनोस्कोपी (गुदद्वारातून दुर्बीण घालून मोठ्या आतड्याची तपासणी) करावी. सरकारी तपासणी मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख आहे, मोठे आतडे नाही.

कोलोनोस्कोपीसाठी बहुधा नागपूर, अमरावती, अकोला, सेवाग्राम अशा ठिकाणी जावे लागते. आदल्या दिवशी द्रवाहार आणि दोन ते चार लिटर जुलाबाचे द्रावण असते. ते पिऊन पहाटेच्या एसटीत बसणे अशक्य, म्हणून लोक निम्मे पितात. आतडे स्वच्छ होत नाही आणि तपासणी वाया जाते. मुक्काम आदल्या दिवशीच शहरात करावा.

उपचारानंतर

२०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘चॅलेंज’ चाचणीत शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी झालेल्या ८८९ रुग्णांपैकी निम्म्यांना तीन वर्षे मार्गदर्शनाखाली व्यायाम दिला, बाकीच्यांना फक्त माहितीपुस्तिका. पाच वर्षांनी रोग न उलटता जिवंत असलेले अनुक्रमे सुमारे ८० आणि ७४ टक्के होते. व्यायाम म्हणजे बहुतेकांसाठी आठवड्यातून तीन-चार वेळा पाऊण तास भरभर चालणे. मात्र हे रुग्ण केमो आटोपलेले होते. केमोऐवजी चालणे असा त्याचा अर्थ नाही.

शस्त्रक्रियेनंतर चालणे दुसऱ्या दिवसापासून सुरू होते, पण साधारण सहा आठवडे चार-पाच किलोहून जड काही उचलू नये, नाहीतर टाक्यांच्या जागी हर्निया होऊ शकतो. पोटावर स्टोमाची (मळ बाहेर पडण्यासाठी पोटावर केलेल्या तोंडाची) पिशवी असेल तर त्याहून जास्त काळ जपावे लागते. पाण्याची भरलेली बादलीच दहा-पंधरा किलोंची होते, आणि पाठीवरचा १६ लिटरचा फवारणी पंप भरल्यावर वीस किलोंच्या आसपास. हंगाम तोंडावर आला तरी पंप सर्जनने सांगितल्याशिवाय पाठीला लावू नये.