सायकॉलॉजिस्ट व्हायचंय? खान्देशातल्या पोरापोरींसाठी पात्रता, अर्ज आणि कागदपत्रांची माहिती

मी पारोळा तालुक्यातली. बी.ए.ला सायकॉलॉजी घेतली तेव्हा गल्लीतल्या एका आजीनं माझ्या मायला विचारलं होतं, "तुनी पोर येडास्ना डॉक्टर व्हनार शे का?" आणि मायला काही सांगता आलं नाही, कारण मी नेमकी काय होणार हे मलाच धड माहीत नव्हतं. आता दरवर्षी निकाल लागले की जळगाव, शिरपूर, शहादा, तळोदा अशा सगळीकडून पोरापोरींचे फोन येतात आणि प्रश्न तेच असतात, म्हणून सगळं एकदाच लिहितेय.

आधी नावांचा घोळ मिटवू. सायकियाट्रिस्ट म्हणजे एमबीबीएस करून पुढं एमडी केलेला मानसोपचारतज्ज्ञ, तो गोळ्या-औषधं लिहून देतो, त्याचा रस्ता नीटमधून जातो. सायकॉलॉजिस्ट म्हणजे मानसशास्त्राचं शिक्षण घेतलेला माणूस, तो औषध देत नाही, तपासण्या घेतो, बोलून उपचार करतो. आणि यातच क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट हे वेगळं आहे, कारण ते नाव कायद्यात बांधलेलं आहे. रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया, म्हणजे आरसीआय, ही त्याची नोंदणी करणारी केंद्रीय संस्था, हिचा कायदा १९९२ चा, आणि तिच्या रजिस्टरला नाव नसताना क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून प्रॅक्टिस केली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणजे नुसतं एम.ए. झालं, गाळा भाड्यानं घेतला आणि बोर्ड लावला, असं चालत नाही.

इथं माझीच चूक सांगते, कारण तुमच्यातल्या कुणाची तरी ती टळावी असं मनापासून वाटतं. एम.ए. झाल्यावर एका संस्थेची जाहिरात बघून मी एक वर्षाच्या डिप्लोमाला पैसे भरले. सर्टिफिकेट आलं, चांगलं जाड कागदाचं, सोनेरी शिक्क्याचं. नोंदणीचा अर्ज भरायला बसले तेव्हा कळलं की तो कोर्स आरसीआयच्या यादीतच नाही. पैसे पप्पांनी कापूस विकून दिले होते. वर्ष गेलं, पैसे गेले, आणि विचारायला गेले तर संस्था म्हणे आम्ही नोंदणी होईल असं कुठं लिहून दिलं होतं. म्हणून फी भरायच्या आधी, परत सांगते, आधी, आरसीआयच्या वेबसाईटवर जाऊन मान्यताप्राप्त संस्थांची यादी बघा, संस्थेचं नाव, कोर्सचं नाव आणि मान्यता कुठल्या वर्षापर्यंत आहे हे तिन्ही जुळलं पाहिजे. संस्थेच्या माहितीपत्रकावरचं "मान्यताप्राप्त" वाचून थांबू नका.

अजून एक मोठा बदल झालाय. जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून सायकॉलॉजी हा विषय डिस्टन्स आणि ऑनलाईन पद्धतीनं शिकवायला यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, बंदी घातलीय. आपल्याकडं लग्न झालेल्या बऱ्याच ताया घरी बसून बाहेरून एम.ए. करायच्या, तो रस्ता नवीन प्रवेशासाठी बंद झाला. कुणी एजंट अजूनही घरबसल्या डिग्री करून देतो म्हणत असेल तर तिथं पैसे देऊ नका.

आता शिक्षणाचा रस्ता. बारावी कुठल्याही शाखेतून चालते, सायन्सच पाहिजे असं नाही. बी.ए.ला प्रवेश घेताना मात्र कॉलेजात सायकॉलॉजी मेजर (मुख्य विषय) म्हणून मिळते का हे विचारा, मायनर म्हणून दोन-चार पेपर केले तर पुढं एम.ए.च्या प्रवेशाला अडचण येते. आपलं कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांना आहे, पण हा विषय प्रत्येक तालुक्याच्या कॉलेजात नाही, म्हणून जवळचं कॉलेज न बघता विषय बघा आणि एसटीचा पास काढा. एम.ए. दोन वर्षांचं. बाहेर जायचं असेल, म्हणजे केंद्रीय विद्यापीठं किंवा मुंबईचं टीस (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस), तर सीयूईटी-पीजी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते, तिचे फॉर्म एम.ए.च्या प्रवेशाच्या कितीतरी आधी, तुम्ही टी.वाय.ला असतानाच सुटतात, आणि आपली पोरं तिथंच मागं पडतात, निकाल लागल्यावर चौकशी करतात.

त्याच्या पुढं क्लिनिकल व्हायचं असेल तर आत्तापर्यंत दोन वर्षांचं फुलटाईम एम.फिल. लागायचं, त्याला एम.ए.ला ५५ टक्के, एससी-एसटी-ओबीसीला ५० टक्के अशी अट. नवीन शैक्षणिक धोरणात एम.फिल. ही डिग्रीच बंद झाली, क्लिनिकल सायकॉलॉजीपुरती यूजीसीनं २०२५-२६ पर्यंत मुदत दिली होती. ज्यांचं झालंय त्यांचं वैध आहे, पण आत्ता बारावीत असलेल्यांनी एम.फिल. धरून प्लॅन करू नये, आरसीआयनं मान्यता दिलेले नवीन कोर्स बघावेत. आणि मार्क सांभाळा, ५४ टक्क्यांवर अडलेली एक मैत्रीण मला माहितीय, तिला पुन्हा पेपर द्यावे लागले.

आता कागदपत्रं, जिथं खरी दमछाक होते. दहावी-बारावीचं मार्कशीट आणि सर्टिफिकेट, टी.सी., आधार, फोटो, प्रत्येक सेमिस्टरचं मार्कशीट, हे सगळ्यांकडं असतं. विद्यापीठ बदलत असाल तर मायग्रेशन सर्टिफिकेट, त्याचा अर्ज जुन्या विद्यापीठात करावा लागतो, म्हणून टी.सी. घेतानाच करून टाका. मधे वर्ष वाया गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. उत्पन्नाचा दाखला तहसीलदाराचा पाहिजे, त्यासाठी आधी तलाठी आप्पांचा अहवाल, मग सेतूवर किंवा आपले सरकारवर अर्ज. ओबीसी, व्हीजेएनटीला नॉन क्रीमी लेयर लागतं, त्याची मुदत संपलेली तर नाही ना ते प्रवेशाच्या आधी बघा, मार्चमध्ये संपलेलं जूनमध्ये चालत नाही.

सगळ्यात जास्त वेळ जातो जात वैधता प्रमाणपत्राला. तिथं जुना पुरावा मागतात: एससीला १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा, एसटीला ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा, व्हीजेएनटीला २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा. आता आजोबा शाळेतच गेले नसतील तर? तर मग चुलत आजोबा, पणजोबा, वडिलांकडच्या कुणाचाही शाळेचा दाखला, जन्ममृत्यूची नोंद, जुना सातबारा असं शोधावं लागतं, आणि कुणाला आधीच वैधता मिळालेली असेल तर तिची प्रत फार कामी येते. धडगाव, अक्कलकुव्याच्या पोरांनी लक्षात ठेवा की एसटीची तपासणी समिती वेगळी असते, अर्ज तिकडंच करायचा. हे काम अकरावीतच सुरू करा.

आणि नाव! आधारला एक, दहावीला दुसरं, बँकेत तिसरं. आपल्याकडं एका गावात पन्नास पाटील, त्यात कुठं "भाऊराव" कुठं "भाऊसाहेब" असं वडिलांचं नाव पडतं. दहावीच्या सर्टिफिकेटप्रमाणं बाकी सगळं करून घ्या. लग्नानंतर नाव बदललेल्या तायांनी गॅझेट आणि विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र जवळ ठेवावं. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरची शिष्यवृत्ती आधार जोडलेल्या खात्यातच येते, तेही बँकेत जाऊन विचारून घ्या.

मान्यताप्राप्त कोर्स झाला की आरसीआयच्या नोंदणीचा अर्ज ऑनलाईन. जन्मतारखेसाठी दहावीचं सर्टिफिकेट, सगळी मार्कशीटं, डिग्री किंवा प्रोव्हिजनल सर्टिफिकेट, फोटो, सही आणि फी. नंबर मिळाला की काम संपलं असं नाही, ठराविक वर्षांनी नूतनीकरण असतं आणि त्यासाठी सीआरई, म्हणजे नोंदणीनंतरही चालू ठेवायच्या शिक्षणाचे, पॉईंट लागतात, ते मान्यता असलेल्या ट्रेनिंग आणि सेमिनारमधूनच मिळतात, हजेरीचं सर्टिफिकेट जपून ठेवा.

क्लिनिकल नाही झालात तरी काम आहे आणि ते काम कमी महत्त्वाचं नाही. सरकारी दवाखान्यात किशोरवयीनांसाठी मैत्री क्लिनिक असतं, एचआयव्हीच्या तपासणी-समुपदेशन (आयसीटीसी) केंद्रात समुपदेशक असतो, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात टीम असते, शाळांना कौन्सेलर लागतात. प्राध्यापक व्हायचं असेल तर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा.

माणसं लागतातच, कारण २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १०.६ टक्के मोठ्या माणसांना त्या वेळी काही ना काही मानसिक आजार असल्याचं दिसलं आणि त्यातल्या बहुतेकांना उपचारच मिळत नव्हते. राज्याची जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला, आपल्या तिन्ही जिल्ह्यांत एकही नाही. घरात कुणी झोपेनासं झालं, बोलेनासं झालं की आधी भगताकडं नेतात, त्यात त्या घराचा दोष नाही, दुसरं कुणी जवळ नसतंच. आणि शिकता शिकता तुम्हालाच जड वाटायला लागलं तर टेली मानस या सरकारी हेल्पलाईनचा १४४१६ हा नंबर आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. हा विषय शिकणाऱ्यानं स्वतः मदत मागण्यात काही कमीपणा नाही, मी मागितली होती.

समुपदेशकाच्या कंत्राटी जागांची जाहिरात जिल्हा परिषदेच्या किंवा जिल्ह्याच्या वेबसाईटवर येते, मुदत बहुतेक वेळा थोडीच असते आणि अनुभवाचं पत्र मागतात, म्हणून एम.ए.ला असताना इंटर्नशिप जिथं केली तिथून तारीख आणि तासांसह पत्र त्याच आठवड्यात घ्या, नंतर साहेब बदलतात आणि सही मिळत नाही.